बाजारात तुरी आणि 'मॅरेथॉन'चं भांडण

लहानपणी गोट्यांचा डाव मांडायच्या आधी एक प्रश्न हमखास यायचा. जिंकलेल्या गोट्या परत द्यायच्या, की ठेवून घ्यायच्या? परत द्यायच्या असल्या की सगळे ढिले. नेम चुकला तरी हसायचे, मध्येच कुणी पाणी प्यायला घरी जाऊन यायचा. ठेवून घ्यायच्या असं ठरलं, की तीच पोरं, तेच रिंगण, पण आवाज बदलायचे. कुणाचा पाय रेषेच्या आत पडला यावरून कॉलर धरण्यापर्यंत पाळी यायची. आमच्या गल्लीत एकाचा नेम भलताच पक्का होता. एका मे महिन्यात त्यानं आठवडाभरात सगळ्यांचे डबे रिकामे केले. पुढच्या आठवड्यात दोन्ही खिसे फुगवून, रिंगण आखून तो एकटाच बसलेला दिसायचा. आम्ही बाकीचे तोवर क्रिकेटकडे वळलो होतो.

एक्स्ट्रॅक्शन शूटर नावाचा व्हिडिओ गेमचा जो प्रकार गेल्या काही वर्षांत गाजतोय, तो म्हणजे ठेवून घ्यायच्या गोट्या. आणि हे लिहितोय तेव्हा, म्हणजे २०२६ च्या सुरुवातीला, 'मॅरेथॉन' या येऊ घातलेल्या गेमबद्दल जगभरचे खेळाडू जी कुरकुर करतायत, तिचं मूळ बरंचसं त्या एकट्या बसलेल्या पोरापाशी आहे.

गेम अमेरिकेतल्या बंजी कंपनीचा, मालक सोनी. तारीख ५ मार्च २०२६. किंमत ४० डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या घरात. बहुतेकांनी तो अजून हातातही घेतलेला नाही, पण 'मॅरेथॉन मेला' असं सांगणारे व्हिडिओ २०२५ च्या उन्हाळ्यापासून रतीब घातल्यासारखे येतायत. बाजारात तुरी म्हणतात ती ही. तरी या सगळ्या आरड्याओरड्यात कामाच्या शंका बऱ्याच आहेत, आणि त्या कळायच्या तर आधी खेळ कळायला हवा.

पबजी किंवा त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. शंभर जण उतरतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. तुम्ही पहिल्याच मिनिटाला मेलात तर काय होतं? काही नाही. लॉबीत परत येता, पुन्हा उडी मारता. मागच्या सामन्यात सापडलेली बंदूक त्याच सामन्यात संपलेली असते.

एक्स्ट्रॅक्शनमध्ये बंदूक तुमची असते. सामन्याच्या बाहेर तुमची एक कोठी असते, खेळाडू तिला स्टॅश म्हणतात. तिथून तुम्ही ठरवता की आज काय घेऊन जायचं. समजा, गेल्या तीन रात्री जमवलेलं चांगलं चिलखत आणि दुर्बीण लावलेली रायफल घेतलीत. आत गेलात. बाकीच्या टोळ्याही त्याच नकाशात, शिवाय संगणकाचे शत्रू. वीस मिनिटं कपाटं उघडलीत, पिशवी भरली. आता ठरलेल्या ठिकाणी जाऊन बाहेर पडायचंय, यालाच एक्स्ट्रॅक्ट होणं म्हणतात. बाहेर पडायची जागा समोर दिसतेय. तुम्ही थांबता, कानोसा घेता. काही नाही. धावत सुटता. आणि डाव्या बाजूच्या जिन्याखाली एक जण मघापासून बसलेला असतो. तुम्हाला तो दिसतही नाही. पडदा काळा. चिलखत, रायफल, पिशवीतलं सगळं त्याचं. तुमच्याकडे उरतं ते कोठीत असेल तेवढंच.

या धसक्याला खेळाडूंमध्ये 'गिअर फिअर' असा शब्दच आहे. लग्नात मिळालेला चांगला डिनर सेट जसा वर्षानुवर्षं कपाटातच राहतो, तशी लोक चांगली बंदूक कोठीत ठेवून साध्या पिस्तुलावर भागवतात. नाव घ्यायला चांगली वस्तू आहे, पण वापरायची हिंमत नाही.

धसका हाच या खेळाचा मसाला आहे, हेही खरं. पाऊल वाजलं की छातीत जे धस्स होतं, ते पबजीच्या दहाव्या सामन्यात होत नाही. आणि जिवंत बाहेर पडल्यावर खुर्चीत मागे रेलून जो श्वास सुटतो, त्याची चटक लागते. ज्यांना लागते त्यांना दुसरे खेळ मग अळणी वाटतात.

आता हिशेब बघा. एकाच्या पिशवीत जी चांगली रायफल गेली, ती बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी कोठीतून निघालेली असते. जिंकणाऱ्याला मजा यावी म्हणून हरणारा लागतो, तोही रोज लागतो. नुसता लागत नाही, तो उद्या पुन्हा काहीतरी घेऊन यावा लागतो. गल्लीत आम्ही डबे रिकामे झाल्यावर गेलो, तसे इथेही सगळ्यात कच्चे खेळाडू आधी जातात. मग काल जे मधल्या फळीत होते ते आज तळाला येतात. त्यांना अचानक वाटायला लागतं की आपला खेळ बिघडला. खेळ तोच असतो, खाली उरलेलं कुणी नसतं. महिन्याभरात तेही जातात. शेवटी रिंगणात फक्त पट्टीचे नेमबाज राहतात, आणि नवा कुणी आला तर पहिल्याच रात्री त्याचं काय होतं हे सांगायला नको.

म्हणून या प्रकारचा नवा गेम जाहीर झाला की जाणते खेळाडू आधी 'ग्राफिक्स कसे' हे विचारत नाहीत. हरणाऱ्याला थोपवून धरायची सोय काय केलीय, हे विचारतात. 'मॅरेथॉन'बद्दलच्या बहुतेक शंका, वरून कितीही वेगवेगळ्या दिसल्या तरी, उलगडत गेलं की याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

हा प्रश्न सोडवायचे प्रयत्न आधी पुष्कळांनी केलेत. प्रकाराला आकार दिला तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कंपनीच्या 'एस्केप फ्रॉम टार्कोव्ह'नं. २०१७ मध्ये त्याची बंद बीटा चाचणी सुरू झाली आणि अधिकृत पहिली आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधली आठ वर्षं लोक 'चाचणी'च खेळत होते. निर्दय म्हणून त्याची ख्याती, पण हरणाऱ्याची व्यवस्था त्यात नीट लावलेली आहे. सामानाचा विमा उतरवता येतो. मारणाऱ्यानं उचललं नाही तर काही काळानं परत मिळतं. एक छोटी डबी असते, तिच्यात ठेवलेलं मेल्यावरही जात नाही. आणि पार कफल्लक झालात तर 'स्कॅव्ह' म्हणून, म्हणजे फाटक्या कपड्यातला भुरटा होऊन, सुरू असलेल्या सामन्यात फुकट शिरता येतं. मेलात तर तुमचं काहीच गेलं नाही, जगलात तर मिळालं ते तुमचं. शिवाय साधारण सहा महिन्यांनी 'वाइप' व्हायचा. सगळ्यांच्या कोठ्या एका दिवशी रिकाम्या, राव आणि रंक पुन्हा एका रेषेवर.

जर्मनीच्या क्रायटेकचा 'हंट: शोडाउन'ही २०१८ पासून टिकून आहे. पण पडलेल्यांची रांग मोठी आहे. 'बॅटलफील्ड २०४२'मधला 'हझार्ड झोन' २०२१ मध्ये आला आणि काही महिन्यांत कंपनीनंच त्यावरचं काम थांबवलं. 'कॉल ऑफ ड्युटी'चा 'डीएमझेड' २०२२ च्या नोव्हेंबरात आला, वर्षभरात त्याच्याकडे पाठ फिरवली गेली. 'द सायकल: फ्रंटियर' जून २०२२ मध्ये सुरू आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्व्हर बंद. पबजी मोबाईलमध्येही 'मेट्रो रोयाल' नावानं हा प्रकार २०२० च्या नोव्हेंबरात आला होता, पण त्याआधी दोनच महिने भारतात पबजीवर बंदी आली होती, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची ती पहिली ओळख हुकली.

या पार्श्वभूमीवर बंजी उभी राहते तेव्हा तिच्याबद्दल दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. एक, बंदुकीचा खटका ओढल्यावर हाताला जे समाधान मिळतं ते या कंपनीइतकं क्वचितच कुणाला साधलंय. 'हेलो' यांचाच, 'डेस्टिनी'ही यांचाच. याबद्दल टीकाकारही वाद घालत नाहीत. दोन, 'डेस्टिनी २'मध्ये यांनी जे केलं ते लोक विसरलेले नाहीत.

झालं असं, की नोव्हेंबर २०२० मध्ये नवा विस्तार आणताना बंजीनं जुन्या कथेचा मोठा भाग आणि चार-पाच ग्रह-चंद्रांचे नकाशे गेममधून काढून घेतले. गेम फार जड झालाय, सांभाळणं अवघड झालंय, हे कारण. कारण खरंही असेल. पण लोकांनी ते भाग पैसे मोजून घेतले होते. फ्लॅट विकल्यावर बिल्डरनं पाच वर्षांनी येऊन 'बाल्कनीची देखभाल परवडत नाही' म्हणून ती काढून न्यावी, तसं काहीसं. त्यामुळे आज बंजी 'पुढची अनेक वर्षं हा गेम आम्ही वाढवत नेऊ' म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात बाल्कनी येते.

'मॅरेथॉन' हे नावही जुनं आहे. १९९४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशवर याच बंजीचा 'मॅरेथॉन' आला होता. मंगळाचा चंद्र डायमॉस पोखरून बनवलेलं अवाढव्य जहाज, त्यात 'डुरांडल' नावाची हळूहळू डोकं फिरत चाललेली संगणकबुद्धी, आणि भिंतीवरच्या टर्मिनलवर वाचत जायची कथा. एकट्यानं खेळायचा, वाचायचा, गुंतायचा खेळ. त्याचे दोन पुढचे भागही निघाले. मे २०२३ मध्ये सोनीच्या कार्यक्रमात हे नाव पुन्हा झळकलं तेव्हा जुने चाहते खूश झाले, आणि पुढच्या मिनिटाला कळलं की हा इतरांना लुटायचा ऑनलाइन खेळ आहे. तिथं पहिला हिरमोड. यात मला एक गंमत दिसते. १९९४ चा 'मॅरेथॉन' आजही चालतो. चाहत्यांनी तो नव्या संगणकांसाठी जिवंत ठेवलाय आणि २०२४ पासून स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, फुकट मिळतो. नवा मात्र ज्या दिवशी सर्व्हर बंद होईल त्या दिवशी चाळीस डॉलर देणाऱ्याच्याही हातात काही उरणार नाही.

ही भीती हवेतली नाही. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टनं 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ च्या अखेरीस बंद केला. विकत घेतलेल्यांनाही तो सुरू करता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. गेम विकत घेणं म्हणजे नेमकं काय विकत घेणं, हा प्रश्न आता युरोपच्या सरकारी टेबलावर गेलाय.

आणि सोनीच्या बाबतीत तर जखम ताजी. 'कॉन्कॉर्ड' नावाचा ऑनलाइन शूटर सोनीनं २३ ऑगस्ट २०२४ ला विकायला काढला, किंमत हीच, ४० डॉलर. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा ६९७ च्या वर कधी गेलाच नाही. ६ सप्टेंबरला गेम बंद, सगळ्यांना पैसे परत, पुढच्या महिन्यात तो बनवणारा स्टुडिओही बंद. दोन आठवडे! आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस तरी असतात, 'कॉन्कॉर्ड'ला त्याहून थोडेच जास्त मिळाले.

तेव्हापासून लोकांना एक खोड लागलीय. गेम कसा आहे यापेक्षा त्यात किती जण आहेत ते आधी बघायचं. स्टीमचे आकडे कुणालाही बघता येतात, आणि क्रिकेटच्या स्कोअरसारखे ते पाहिले जातात. यात एक विचित्र पेच आहे. एकट्यानं खेळायच्या गेमला गिऱ्हाईक कमी मिळालं तर नुकसान कंपनीचं. तुमचा खेळ तसाच राहतो. इथं मात्र माणसं कमी म्हणजे सामना जुळायला वेळ, आणि जुळलाच तर तुमच्या पातळीचं कुणी नाही. म्हणजे 'फार कुणी खेळणार नाही' अशी नुसती शंका पुरेशा लोकांना आली, की ती खरी होते. बँकेबद्दल अफवा उठली की धडधाकट बँकेसमोरही रांग लागते, त्यातलाच प्रकार. यूट्यूबवर 'गेम मेला' ओरडणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याला शिव्या घालाव्यात तितक्या कमी, पण रांगेत उभा राहणारा खातेदार मूर्ख असतो असं मला म्हणवत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बंजीनं खेळ उघडून दाखवला. तारीख जाहीर केली २३ सप्टेंबर २०२५, आणि उत्तर अमेरिकेतल्या निवडक लोकांसाठी बंद अल्फा चाचणी ठेवली. टाउ सेटी चार नावाचा ग्रह, तिथली नाहीशी झालेली वसाहत, आणि कृत्रिम शरीरात जाणीव भरून लूट करायला आलेले 'रनर'. दिसायला गेम वेगळाच होता: चुन्यासारखा पांढरा, त्यावर भडक हिरवा, लिंबू, नारिंगी, जणू औषधाच्या वेष्टनांचं प्रदर्शन. कुणाला तो बेहद्द आवडला, कुणाला डोळ्यात खुपला.

खेळून आलेल्यांच्या तक्रारी मात्र बऱ्याच जुळत होत्या. सामना तिघांच्या टोळीचा. एकटे आलात तर दोन अनोळखी गळ्यात पडतात. कामावरून दहा वाजता घरी येऊन अर्धा तास खेळणाऱ्याला, ज्याचे मित्र केव्हाच झोपलेत, त्याला इथं जागा काय? जवळच्या शत्रूशी बोलायची सोय, म्हणजे प्रॉक्सिमिटी चॅट, तीही नव्हती. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण 'मारू नकोस रे, माझ्याकडे काही नाहीये' असं ओरडता येणं ही हरणाऱ्याच्या हातातली शेवटची गोष्ट असते. कधी समोरचा ऐकतो, कधी हसून गोळी घालतो. दोन्ही वेळा सांगायला किस्सा मिळतो. ती सोय नसली की मरण नुसतंच मरण. नकाशे कोरे वाटले, लूट फुसकी वाटली, कथेचा पत्ता नव्हता. एवढा धोका पत्करून जे बाहेर आणायचं त्याचंच अप्रूप नसेल तर धोका कशाला, हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो.

मग मे महिन्यात आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एका स्वतंत्र चित्रकर्तीनं दाखवून दिलं की अल्फामधल्या भिंतींवर, पेट्यांवर आपल्या २०१७ च्या पोस्टरांमधली चिन्हं आणि मजकूर जसाच्या तसा आहे. बंजीनं तपासलं आणि कबूल केलं. पूर्वी कंपनीत असलेल्या एका कलाकारानं ते टेक्स्चरच्या संचात टाकलं होतं, असं सांगितलं. टेक्स्चर म्हणजे त्रिमितीय वस्तूवर वॉलपेपरसारखं चिकटवायचं चित्र. एका मोठ्या चादरीवर शेकडो तुकडे असतात आणि तीच चादर गेमभर कापून लावतात, म्हणून एका चादरीतली उचलेगिरी नकाशाभर पसरते. डिसेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण आपल्या समाधानानं मिटल्याचं त्या चित्रकर्तीनंच जाहीर केलं. पण ज्या एका गोष्टीचं विरोधकही कौतुक करत होते, नेमकं त्या दिसण्यावरच डाग पडला होता. जूनच्या मध्यावर बंजीनं सप्टेंबरची तारीख मागे घेतली. नवी तारीख दिली नाही.

आता हॅकरांबद्दल, कारण आपल्याकडे चीटरला, म्हणजे चोरटं सॉफ्टवेअर लावून खेळणाऱ्याला, सरसकट हॅकरच म्हणतात. पबजीत कुणी भिंतीपलीकडून पाहून मारलं तर सामना गेला, राग आला, संपलं. इथं तीन रात्रींची कमाई जाते, आणि ती त्याच्या कोठीत जमा होते. २०२३ च्या फेब्रुवारीत 'टार्कोव्ह' खेळणाऱ्या एका यूट्यूबरनं एक प्रयोग दाखवला. त्यानं स्वतः भिंतीपलीकडचं दाखवणारं चीट लावलं, कुणाला मारायचं नाही असं ठरवलं, आणि सव्वाशे सामन्यांत फिरला. दूर, बंद भिंतींमागे दुसरा खेळाडू दिसला की त्याच्याकडे तोंड करून आपलं पात्र डावी-उजवीकडे झुलवायचा. समोरच्याकडे चीट नसेल तर त्याला हे दिसणंच शक्य नाही. पण अनेक वेळा समोरचाही वळायचा आणि झुलून उत्तर द्यायचा. दोन चोर अंधारात एकमेकांना मान डोलावतायत. निम्म्याहून जास्त सामन्यांत त्याला असं कुणीतरी भेटलं, असं त्याचं म्हणणं. त्या व्हिडिओनंतर अनेकांना आपली जुनी मरणं नव्यानं आठवली.

यावर एक तोडगा असा, की तुम्हाला दिसू शकत नाही त्या शत्रूची माहिती सर्व्हरनं तुमच्या संगणकाला पाठवायचीच नाही. माहितीच नसेल तर चीट दाखवणार काय? बंजी अशीच व्यवस्था ठेवणार आहे आणि पकडलेल्याला कायमचं बाहेर काढू म्हणते. चांगलं आहे. पण कुलूप चांगलं की वाईट हे चोर येऊन गेल्यावरच कळतं.

याच दरम्यान ३० ऑक्टोबर २०२५ ला स्वीडनच्या एम्बार्क स्टुडिओचा 'आर्क रेडर्स' आला. प्रकार तोच, किंमत तीच, चाळीस डॉलर. आणि स्टीमवर एका वेळी चार लाखांहून जास्त माणसं. 'हा प्रकार मूठभर कट्टर लोकांचा' हे ठाम मत एका महिन्यात ढेपाळलं.

काय केलं त्यांनी? हरणाऱ्याकडे बघितलं. आकाशातून येणारी यंत्रं इतकी जबर, की अनोळखी खेळाडू आपापसांतलं वैर विसरून एकत्र लढतात. प्रॉक्सिमिटी चॅट पहिल्या दिवसापासून. फुकटचं बाडबिस्तरा घेऊन जायची मुभा. सगळ्यांच्या कोठ्या सक्तीनं पुसायच्या नाहीत. ज्याला हवं त्यानं नव्यानं सुरुवात करायची. आणि माझा लाडका भाग म्हणजे स्क्रॅपी. हा एक कोंबडा. तुमच्या तळावर राहतो. तुम्ही मरून, सगळं गमावून परत आलात तरी तो तोवर चोचीनं थोडं भंगार गोळा करून ठेवतो. चार वायरी, थोडं प्लास्टिक, एवढंच. त्याला गोंडस म्हणून सोडून देतात लोक, पण तो नीट विचार करून ठेवलेला कोंबडा आहे. मुलगा नापास होऊन आला तरी आई ताट वाढतेच ना, तसं.

'मॅरेथॉन'नं मधल्या काळात बरंच बदललंय. प्रॉक्सिमिटी चॅट आलं. एकट्यानं जायची वेगळी रांग आली. 'रूक' नावाचं एक शरीर आलं, जे घेऊन एकट्यानं चालू सामन्यात जुजबी सामानासह शिरायचं; थोडक्यात 'टार्कोव्ह'चा भुरटा नव्या कपड्यांत. नकाशांवर कथेच्या खुणा वाढवल्या. सीझन, म्हणजे खेळाचा एक टप्पा, संपला की सगळ्यांचं सामान मात्र पुसलं जाणार. यावरून दोन तट आहेत. मला स्वतःला वाइप आवडतो; नेमबाजाचे खिसे मधून मधून रिकामे झालेच पाहिजेत. पण महिन्यातून चार रात्री खेळणाऱ्याला तो वेगळा लागतो. त्यानं जेमतेम काही जमवावं आणि पालिकेची गाडी यावी.

मराठी खेळाडूंना आणखी एक चिंता आहे, जी अमेरिकी व्हिडिओंमध्ये येतच नाही: पिंग. तुमच्या बटणाची बातमी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो. 'व्हॅलोरंट' या ऑनलाइन शूटरचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात बसलेल्याला खेळ हाताबरोबर चालतो. सर्व्हर सिंगापूरला किंवा त्याहून लांब असला की कोपऱ्यामागे लपल्यावरही गोळी लागते, कारण सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून बाहेरच असता. बीजीएमआयमध्ये हे चिडचिड करून सोडून देता येतं. इथं त्या पावक्षणाची किंमत चिलखताएवढी. आणि अल्फा उत्तर अमेरिकेपुरती होती, म्हणजे आपल्याकडे गेले वर्षभर जे काही हिरिरीनं बोललं गेलं, त्यातलं जवळजवळ सगळं उसन्या अनुभवावर. मीही त्यातलाच.

आमच्या जुन्या पबजीच्या ग्रुपवर गेला आठवडा हाच विषय आहे. तिघं आहोत, एक पुण्यात, एक ठाण्यात, एक न्यू जर्सीत. टोळी नेमकी तिघांची लागते. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळ्यांना फुकट चाचणी मिळणार आहे, पण तोवर न्यू जर्सीवाला म्हणतो, तुम्ही दोघं घ्या, सर्व्हर कसा चालतो सांगा, मग मी घेतो. ठाण्याचा म्हणतो, हा घेणार असेल तर मी घेतो. काल रात्री दोघांनी मला विचारलं. मी लिहिलं, तुमचं ठरलं की सांगा. निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून कुणाचंच नाही.